गड्याचं नाव

"ह्याला मेकअप नको. आहे तसाच पाठवा स्टेजवर."

दादा बोलले आणि सगळी तालीम हसली. मीही हसलो. तेच अजून सलतं.

दादा म्हणजे इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाचे दिग्दर्शक. पुण्याचे, आयटीतले. मी नववीतून शाळा सोडलेला, रंगाने काळा. माझं आडनाव ऐकून पहिल्या फोनवर क्षणभर थांबले होते, पण एअरपोर्टवर घ्यायला तेच आले. ईस्ट टामाकीतल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं काम त्यांच्याच ओळखीने मिळालं. हे मी विसरत नाही. विसरायची भीतीच वाटते.

चार वर्षं मी गडीच झालो. स्क्रिप्टमध्ये त्याला नाव नसायचं. नुसतं 'गडी'. आणि मंडळाची एक गंमत ठरलेली. मध्यंतरात गड्याने त्याच कपड्यांत, खांद्यावर पंचा टाकून प्रेक्षकांत चहा फिरवायचा.

"ए गड्या, इकडे बिनसाखरेचा."

लोक फोटो काढायचे. एरवी चांगली माणसं. शेवटी माइकवरून सगळ्यांची नावं घ्यायचे, तेव्हा मी आत कप विसळत असायचो. प्रत्येक नावागणिक जळायचो.

यंदा माझ्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट आलं. तिने एक काळा अमेरिकन नट निवडला. सिनेमात काळी माणसं फक्त नोकर असायची, त्या काळात नायक झालेला. आम्ही दोघं लॅपटॉपवर त्याच्यावरचा माहितीपट बघत बसलो. तोही शाळा सोडलेला. आधी त्यानेही नोकरांच्याच भूमिका केल्या, हातात ट्रे घेऊन. मग एक दिवस दिग्दर्शकाला म्हणाला, ह्या माणसाला नाव द्या, नाहीतर दुसरा नट बघा. दोन वर्षं घरी बसला.

अभिमान वाटायला हवा होता. मला हेवा वाटला. तो तेव्हा सव्वीसचा. मी एक्केचाळीस. आणि माझी लेक ज्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, तशी माझ्याकडे कधी बघितली नव्हती.

"बाबा, हाउ कम यू नेव्हर सेड नो?"

मध्यंतराला ती नेहमी कारमध्ये जाऊन बसायची. मला वाटायचं, तिला गर्दी आवडत नाही.

पुढच्या तालमीला मी विचारलं, "गड्याचं नाव काय?"

"गड्याला कसलं नाव रे?"

"मग मी करणार नाही. चहाही फिरवणार नाही."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. दादांनी चष्मा काढला.

"एअरपोर्टवर कोण आलं होतं? विसरलास?"

"नाही दादा. तुम्ही आलात. ते मरेपर्यंत मानीन. पण ट्रे उचलून नाही."

काम टिकेल की जाईल, माहीत नाही. त्या नटाचा हेवाही गेलेला नाही. पंधरा वर्षं उशीर झाला, तो कसा जाणार?

नाटकाला मी जाणार. मध्यंतरात पहिल्या रांगेत, मुलीच्या शेजारी बसणार. समोर कुणी ट्रे धरलाच, तर कप उचलण्याआधी त्याचं नाव विचारणार. मोठ्याने. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.