पूजेला मांडलेला ड्रम

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढं लोडर बसवायची हौस माझ्या धाकट्या भावाची. वाळूजला कंपनीत वेल्डिंग शिकला होता. भंगारातले पत्रे जोडून त्यानं बकेट स्वतः बनवली. शेणखत भरायला मग गडी शोधावे लागेनात. मी मात्र कुरकुरलोच. आपला स्वभावच तसला, चांगलं म्हणायला जीभ उचलत नाय.

पण ट्रॅक्टर मागून हलका. भरलेली बकेट वर गेली की मागची चाकं जमीन सोडायला बघायची. म्हणून त्यानं एका ड्रममध्ये काँक्रीट ओतलं आणि तो मागं वजनाला अडकवला. ड्रमबिगर तो बकेटीला हात लावत नसे.

खंडेनवमीला आम्ही औजारं धुऊन अंगणात मांडली. ट्रॅक्टर, नांगर, वखर, पाभर आणि त्याच्या हट्टापायी तो ड्रमसुद्धा. "दादा, सगळ्यात जास्त तोच राबतो," म्हणाला. मी हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेला मांडलेलं औजार आमच्यात दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत.

दुपारी शेजारचा धनगर बोंबलत आला. त्याच्या गोठ्याची भिंत ढासळून शेळ्या खाली अडकल्या होत्या. भावानं माळेसकट ट्रॅक्टर चालू केला आणि ड्रम लावायला निघाला. मी डाफरलो, "ट्रॅक्टर ने, मुक्या जिवांसाठी देव समजून घेईल. पण सगळी मांडामांड मोडू नको!"

"दादा, मागून उचलंल हो."

"एका खेपेनं काय आभाळ कोसळतंय? मला शहाणपणा शिकवतो व्हय?"

तो ड्रमापासून माघारी वळला. मग म्हणाला, "बरं, दादा."

गोठ्याजवळ उतार होता. दगडमातीनं भरलेली बकेट वर घेऊन तो वळला, तसं मागचं चाक उचललं आणि ट्रॅक्टर त्याच्यावर कलंडला. साऱ्या गल्लीनं मिळून ट्रॅक्टर बाजूला केला. करमाडचा दवाखाना येण्याआधीच तो गेला.

त्याची बायको मला अजून आधीसारखंच ताट वाढते. चार शिव्या घातल्या असत्या तर लई बरं झालं असतं.

ड्रम अजून अंगणातच आहे. जाता-येता दिसतो, आणि माझाच मला संताप येतो. ट्रॅक्टरमधलं माझ्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त कळत होतं. माझं ऐकू नये, हेही कळत होतं. पण जन्मात त्यानं माझा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही.