टांगलेला कुकर
कुकरची शिट्टी झाली की ओतूरच्या जत्रेतला तो स्टॉल डोळ्यांसमोर येतो. खरडायची कूपनं संपत आली होती, पहिल्या बक्षिसाचा कुकर मात्र अजून टांगलेलाच होता. म्हणजे तो उरलेल्यांतच असणार, असा हिशेब करून मी पुढं सरकले. तोच हिशेब केलेल्यांची गर्दी होती; एकेकाचं कूपन फुसकं निघत गेलं तशी ती चिडली. शेवटचं माझ्या हाती आलं. स्टॉलवाला कानाशी पुटपुटला, "ताई, त्यातबी न्हाई. लोकं मला जित्ता सोडायची न्हाईत." नखानं मी खरडलं, मूठ मिटली आणि ओरडले, "निघाला!" "दावा आमाला!" मागून आवाज आला. स्टॉलवाल्यानं झटकन काढून दिलेला कुकर छातीशी धरून मी स्टँडकडे पळत सुटले. आजही शिट्टी झाली की माझी मूठ मिटते.