निजलेला भोवरा

घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती. नळ एकच, तोही पायथ्याशी. दुसरा मंजूर झाला तेव्हा तो कुठे बसवायचा यावर दर रविवारी सभा भरायची आणि काही ठरायचं नाही. सेक्रेटरी खालच्या ओळीतला. तो बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि थांबला की बाकीचे सगळे एकदम बोलायचे. आम्ही वरच्या ओळीत. हंडे बायको वाहायची, शेजारच्या म्हातारीचं पाणीसुद्धा. त्यात तिला दिवस गेलेले.

एका रविवारी ती आमच्या पोराचा भोवरा घेऊन सभेत आली. म्हणाली, "ज्याला बोलायचंय त्याने हा सोडायचा. फिरतोय तोवर बोला. पडला की गप."

"वहिनी, आम्ही काय पोरं आहोत?" सेक्रेटरी म्हणाला.

"पोरं एकमेकांचं ऐकतात तरी."

लोक हसले, म्हणून त्याला नाही म्हणता येईना. त्याने दोरी गुंडाळली, भोवरा फेकला, तो थेट कपाटाखाली. 'बंधूंनो' एवढंच भाषण झालं. मग सगळ्यांचेच हात शिवशिवायला लागले. कोण म्हणे माझी दोरी ओली होती, कोण म्हणे फरशी वाकडी. पण एक बोलताना दुसरा गप्प, हे त्या खोलीत पहिल्यांदा झालं.

शेवटी म्हातारीची पाळी. "माझ्याने नाय फिरायचा गं."

"मी सोडते आजी, तुम्ही बोला."

ही लहानपणी गावाकडे भावांबरोबर खेळलेली. भोवरा असा सोडला की जागचा हलेना. म्हातारी म्हणाली, "आंघोळ कधी केली ते आठवत नाय. हिच्याकडे आणखी एक हंडा कुठल्या तोंडाने मागू?" आणि गप्प झाली.

भोवरा फिरतच होता.

"निजला," बायको म्हणाली.

सेक्रेटरीला वाटलं पडला. तो उठला, "तर माझं म्हणणं असं की..."

"अहो, खाली बसा. निजला म्हणजे जोरात फिरतोय. म्हणून हलताना दिसत नाही."

तो बसला. पाळी अजून म्हातारीचीच होती. म्हातारीचं बोलणं तेवढा वेळ खोलीत तसंच राहिलं. भोवरा डुलायला लागून पडला, तेव्हा सेक्रेटरीने मतं मागितली. हात वर झाले, नळ वरच्या ओळीत आला. म्हातारी नळाखालीच बसून आंघोळ करायची, आणि मग त्यावरून भांडणं.

कित्येक वर्षांनी, बायको गेली त्या दुपारी मी हॉस्पिटलात तिच्या खाटेशी होतो. सून म्हणाली, "मामंजी, निजल्यात त्या." मला बरं वाटलं. पाठ टेकून बसलो. नर्स येऊन नाडी बघायला तिचा हात धरेपर्यंत मी तसाच बसलो होतो.