अप्पांना चहाला नेताना

माझी थोरली बहीण, अक्का, गेल्यापासून तिच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. आधीही बोलत नव्हते, पण तेव्हा अक्का होती. दाजींना पोराला काही सांगायचं असलं की ते अक्काला सांगायचे, "त्याला म्हणावं, रानात पानी सोड." पोरगा तिथेच, हातभर अंतरावर जेवत बसलेला असायचा. अक्का भाकरी थापता थापता तेच वाक्य थोडं मऊ करून त्याच्याकडे सरकवायची आणि त्याचं उत्तर थोडं आदबशीर करून दाजींकडे.

आता दाजी म्हशीला सांगतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय. "कुनाला सवड असली तर पानी सोडावं," असं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, आणि पोरगा आतल्या खोलीत ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

ही त्या घराचीच तऱ्हा नाही. आमच्या लोकांच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागे फिरल्या, आता सगळे शेतीत आणि मजुरीत आहेत, पण थोरल्यांपुढे बापाने स्वतःचं लेकरू घ्यायचं नाही, त्याच्याशी लाडाने बोलायचं नाही, ही रीत काही सुटली नाही. पोरगा तान्हा असताना अंगणातून अप्पांचा, म्हणजे दाजींच्या वडिलांचा, खोकला ऐकू आला की दाजी त्याला घाईघाईने पाळण्यात ठेवून द्यायचे, चोरीचा माल हातात सापडावा तसे. अक्का हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचे.

अक्काचं आजारपण लांबलं आणि ती गेली. त्याच वर्षी पोरगा पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेला आणि पंक्चरच्या दुकानात मिळणारं सोल्युशन हुंगायला लागला. बसवकल्याणला माझ्याकडे रविवारी यायचा, तेव्हा त्याच्या रुमालाचा वास मला कळला. झोप नाही, जेवण नाही, पुस्तक उघडायचं नाही. विचारलं तर म्हणाला, "मावशी, त्यानं डोकं गप्प बसतंय." मी शाळेत शिकवते, दिवसभर पोरांना प्रश्न विचारते, पण त्याला आणखी प्रश्न विचारले नाहीत. मी त्याला बिदरला दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या समुपदेशक मॅडम म्हैसूरकडच्या. त्याच्याशी कितीतरी वेळ बोलल्या, मग मला आत बोलावून म्हणाल्या, औषध डॉक्टर देतील, पण औषध घेऊन हा परत त्याच घरात जाणार. घरातली माणसं यायला हवीत. वडील तर हवेतच.

मी राजेश्वरला, दाजींच्या गावी, फोन केला.

"कामून?" दाजी म्हणाले. "आजारी त्यो हाय. आमी तितं येऊन काय करावं?"

ट्रॅक्टर गॅरेजला लावला की मालकाने तिथे बसून राहायचं नसतं, तसं काहीसं त्यांच्या मनात असावं. मग अप्पांनी फोन घेतला. त्यांनी आधीच ठरवलं होतं. सोलापूरकडे कुठेतरी एक केंद्र आहे, तिथे पोरांना कुलूप लावून ठेवतात, वर्षभराने पोरगा सरळ होऊन येतो, असं कुणीतरी त्यांना बाजारात सांगितलं होतं.

"अप्पा, आई जाऊन वर्ष झालं नाही, आता घरातून पण काढता का त्याला?"

"तुमी शिकलेली मानसं लई बोलताव," अप्पा म्हणाले. "एक बारी आमी येताव बिदरला. जमलं तर जमलं. न्हाई तर म्होरल्या सोमवारी त्याला तिकडं धाडायचं. आता ह्यावर बोलनं न्हाई."

म्हणजे एकच खेप होती.

आणि त्या एका खेपेला ते जीप भरून आले. घरच्यांना बोलावलंय हा निरोप अप्पांनी भावकीला बोलावलंय असा घेतला. पुढच्या सीटवर अप्पा, मागे त्यांचे भाऊ, चुलतभाऊ, सगळे पांढऱ्या धोतरात, कुणाकुणाच्या डोक्याला पटका. सोयरीक ठरवायला निघावं तशी तयारी. फडक्यात भाकऱ्या बांधलेल्या. दाजी सगळ्यात मागे, स्टेपनीला टेकून. पोरगा माझ्यासोबत दवाखान्याच्या दारात उभा होता. जीप बघून म्हणाला, "मावशी, माझं लगीन हाय का?"

मॅडमच्या खोलीत मोजक्याच खुर्च्या. भावकीला बाहेरच्या बाकावर बसवण्यात माझा जीव अर्धा झाला. आत आले अप्पा, दाजी, पोरगा आणि मी. कन्नड कळत सगळ्यांना होतं, पण मॅडमचं कन्नड फार स्वच्छ, अप्पांना ते सरकारी वाटायचं. त्यामुळे मीच मध्ये.

मॅडम दाजींना म्हणाल्या, "मुलाकडे बघा आणि तुम्हाला जे सांगावंसं वाटतं ते त्याला सांगा. एकच गोष्ट. रागाची असली तरी चालेल."

दाजींनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग मान अप्पांकडे वळवली. "अप्पा, त्याला म्हणावं, गोळ्या येळंवर खा."

अप्पा माझ्याकडे वळले. "मास्तरीण, सांगा त्याला."

निरोप असा सगळी खोली हिंडून पोराकडे आला. तो दाजींच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता. तो हसला, पण ते हसणं मला ऐकवलं नाही. मॅडमनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "यांना मुलगा नको झालाय का?"

मी काय सांगणार होते? की हा माणूस अक्काच्या मातीला सुद्धा अप्पांपुढे रडला नाही, आणि पोराने ते बघून ठेवलंय? मी तेच सांगितलं, थोडक्यात, खालच्या आवाजात. मॅडमनी अप्पांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आजोबांना थोडा वेळ बाहेर बसता येईल?"

अप्पांना आजवर कशातून बाहेर बसायला कुणी सांगितलेलं नाही. पंचांच्या बैठकीत त्यांच्याशिवाय पान सुपारी होत नाही.

"भाईर?" ते म्हणाले. "पोरगं आमचं, आन् आमीच भाईर?" त्यांनी काठी दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट रोवली. मला वाटलं, झालं. आता सोमवार.

तेव्हा मी उठले आणि म्हणाले, "अप्पा, मला चक्कर यायलीय. चहा घेतल्याशिवाय बरं वाटायचं नाही."

ते साफ खोटं होतं. पण सुनेच्या माहेरची बाई परगावी एकटी हॉटेलात जाणार, हे अप्पांच्याने बघवणार नव्हतं. ते कुरकुरत उठले. "सकाळी भाकर खाऊन निगू ने का बाई," म्हणत माझ्या पुढे चालायला लागले. भावकीही उठायला लागली, तिला त्यांनी काठीने परत बसवलं.

हॉटेलात बशीत चहा ओतून ते फुंकत बसले. बराच वेळ फुंकत होते.

"आतमधी काय चाललंय?"

"बोलायलेत."

"कोन? आमचा? त्यो बोलत न्हाई."

"तुमच्यापुढं बोलत नाहीत, अप्पा."

मला वाटलं आता बशी आपटतील. त्यांनी ती खाली ठेवली. "त्यो ल्हान आसताना मी बी त्याला कदी घेतलं न्हाई," ते म्हणाले. "माजा बाप वसरीवर बसायचा. बाप मेला, तवर ह्यो टॅक्टर चालवायलालता. मग काय घ्यायचं." मग एकदम, "तुमची चक्कर गेली का?"

"नाही अजून."

"मंग आजून एक घ्या."

परत आलो तेव्हा दार बंदच होतं. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही, मी विचारलंही नाही. दार उघडलं. दाजींचे डोळे लाल होते आणि ते पटक्याच्या शेवाने नाक पुसत होते. पोरगा दाराशी अनवाणी उभा राहिला, कुठे जायचं ते विसरल्यासारखा. दाजींनी अप्पांकडे बघितलं. मग पोराकडे.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

"घालायलोय," पोरगा म्हणाला.

अप्पा भिंतीवरचं पोलिओचं पोस्टर वाचत होते. त्यांना वाचता येत नाही.

सोमवारी कुणी सोलापूरला गेलं नाही. पण सगळं सरळ झालं असंही नाही. मध्ये पोराने पुन्हा ते सोल्युशन घेतलं, अप्पांनी पुन्हा कुलपाचं नाव काढलं, दाजी पुन्हा आठवडाभर म्हशीशी बोलले. मॅडम म्हणतात, असं होतं, येत राहा. मला हे येत राहणं फार होतं. रजा टाकायची, फोन करायचे, प्रत्येकाची समजूत काढायची. हे सगळं अक्का भाकरी थापता थापता करत होती, हे आता कळतं आणि तिचाच राग येतो, की एकटीने कशाला ओढलंस, आणि ओढलंस तर मध्येच कशाला सोडलंस.

गेल्या खेपेला जीप माझ्या दाराशी थांबली. भावकी नव्हती. पुढच्या सीटवर अप्पा होतेच. मागे दाजी आणि पोरगा, मध्ये भाकऱ्यांचं फडकं. मी चढायला लागले तसे अप्पा मान न वळवता म्हणाले,

"मास्तरीण, आज चक्कर कवा यायची हाय? पोचल्या पोचल्या का जरा थांबून?"