‘पान्याले’चं ‘पाण्याला’ झालं तेव्हा

आमचा बँड चार जणांचा होता. साडेतीन वर्षं टिकला आणि फुटला तो माझ्यामुळे. बाकीचे असं म्हणत नाहीत, प्रत्येकाकडे त्याचं-त्याचं कारण आहे. पण त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं आणि मी बोललो नाही.

मी चिखलीचा. जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत मोठा झालो. आधी ढोलकी, मग ऑक्टोपॅड. आमचा गाणारा माझ्या शेजारच्याच घरातला. आमच्या दोघांच्या आया पौर्णिमेला विहारात एकाच सतरंजीवर बसायच्या. त्याचा आवाज चढा, कोरडा, वरच्या पट्टीत थोडा फाटणारा. तो भीमगीत म्हणायला उभा राहिला की मागच्या रांगेतली बडबड आपोआप थांबायची.

एका लग्नात आमचा कार्यक्रम संपल्यावर एक जण स्टेजमागे आला. पिंपळगाव राजाकडच्या खात्यापित्या शेतकरी घरातला. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून गिटार घेऊन परत आलेला. त्याने मोबाइल काढला आणि आम्हा दोघांच्या कानात इअरफोनचं एकेक बोंडूक घातलं. ग्रीस देशातल्या कुठल्याशा जुन्या बँडचं गाणं होतं. गाणं कसलं, संपतच नव्हतं. मध्येच ताल बदलायचा, मध्येच नुसता घंटेसारखा आवाज, मग एक माणूस किंचाळायचा.

“समजलं का काई?” गिटारवाल्याने विचारलं.

“भाषा नाई समजली,” गाणारा म्हणाला. “पन त्याचं काईतरी जळून राह्यलं, हे समजलं.”

गिटारवाल्याने तिथेच त्याला मिठी मारली. त्या ग्रीक पोरांनी मोठं काम केलं आणि मग आपसात भांडून ते चारी दिशांना गेले, हेही त्यानेच सांगितलं. फार अभिमानाने सांगितलं. आम्ही हसलो.

चौथ्या आमच्या मॅडम. चिखलीतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि लहानपणापासून पेटी वाजवायच्या. आम्ही त्यांना कीबोर्ड दिला. सात मात्रांची चाल, मध्येच पाचाची, परत सात, असं काही आलं की आम्ही गोंधळायचो आणि मॅडम वहीत चौकटी आखून ते सोडवून दाखवायच्या. गाणाऱ्याला चौकटी लागत नव्हत्या. तो मोजायचाच नाही. बरोबर जागेवर यायचा.

तालमीची जागा म्हणजे गिटारवाल्याच्या मामाच्या जिनिंगचं गोदाम. कापसाच्या दिवसांत आम्हाला मनाई. गाठी गेल्या की गोदाम आमचं. पूर्ण रिकामं असलं की आवाज घुमून डोकं उठायचं. कोपऱ्यात दहा-वीस गाठी शिल्लक असल्या की झकास. कापसाचा भुरका घशात जातो म्हणून गाणारा तोंडाला रुमाल बांधून बसायचा आणि त्याची ओळ आली की तेवढा खाली करायचा.

लॉकडाऊनमध्ये लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं. गाणाऱ्याची मावशी तिकडेच राहते. वाटा मोकळ्या झाल्या तसा तो जाऊन आला आणि आल्या-आल्या रुमाल खाली करून म्हणाला, “एक ओळ आहे. पान्याले रंग आला, रंगाले पानी नाई.”

त्या एका ओळीवर आम्ही आठ महिने काम केलं. गाणं सतरा मिनिटांचं झालं. सुरुवातीला नुसता कीबोर्डचा एक सूर, मग गिटार, मग माझा सातचा ताल, आणि सहाव्या मिनिटाला तो. तो येईपर्यंत आम्ही त्याची वाट तयार करत असायचो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाच्या वरातीसाठी वाजवत नाहीये.

पहिल्यांदा ते गिटारवाल्याच्या जुन्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं. चार मिनिटांत पोरं उठून बाहेर जायला लागली. सहाव्या मिनिटाला त्याने तोंड उघडलं आणि दारात गेलेली पोरं तिथेच थांबली. शेवटी सगळं सभागृह त्याच्यासोबत ‘पान्याले’ म्हणत होतं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ गिटारवाल्याने आमच्या चॅनलवर टाकला. मग खामगाव, अकोला, नागपूर. मग पुण्याहून फोन आला. स्वतःचा स्टुडिओ असलेला एक माणूस होता, त्याला आमचं गाणं नीट ध्वनिमुद्रित करून बाहेर काढायचं होतं.

पुण्यात आधी एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. दोन गाण्यांच्या मध्ये गाणारा माईकवर म्हणाला, “आता जे गाणं आहे, ते आमच्या इकडच्या तळ्याचं आहे. ध्यान देऊन आयका, घाई करू नका.” लोक हसले. त्याला वाटलं आपण आवडलो, म्हणून तो आणखी बोलला आणि ते आणखी हसले. ते हसू मी ओळखलं. ऑक्टोपॅडच्या मागे बसून मान खाली घातली.

स्टुडिओत आधी आमची तिघांची वाद्यं व्हायची होती, गाणं शेवटी. तेवढ्यात गाणाऱ्याच्या बहिणीचा साखरपुडा ठरला. “चार दिवसांत येतो,” म्हणून तो चिखलीला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओवाल्याने आम्हाला समोर बसवलं. फार गोड माणूस, चहा त्याने स्वतः आणून दिला.

“आवाज कमाल आहे त्याचा,” तो म्हणाला. “पण भाषेचं काय करायचं? इकडे ती भाषा ऐकली की लोकांना विनोदी वाटतं. गाणं तर गंभीर आहे. माझ्याकडे एक मुलगा आहे, उत्तम गातो. शब्द तेच ठेवू. फक्त ‘पान्याले’चं ‘पाण्याला’ करू.”

‘न’चा ‘ण’ करायचा, मात्रा काढायची आणि काना द्यायचा. एवढाच बदल.

गिटारवाला टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “एवढ्या एका गान्यासाठी… पुढच्या वेळी त्याचंच घेऊ ना.”

मॅडम उठल्या. “मग मी नाही वाजवत,” एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी वायरी काढायला सुरुवात केली. माझ्याकडे बघितलंही. मी उठेन, असं त्यांना नक्की वाटलं असणार. मी त्यांच्या मागे बस स्टँडपर्यंत गेलो, त्यांचा कीबोर्ड खांद्यावर घेऊन. बस लागली तेव्हा म्हणालो, “मॅडम, त्याले तुमी नका सांगू. मी सांगतो. माह्या तोंडून कळू द्या.”

“आजच सांगा,” त्या म्हणाल्या.

“हाव,” मी म्हणालो.

आणि परत स्टुडिओत गेलो. का गेलो, याचं सभ्य उत्तर माझ्याकडे नाही. मला ते गाणं बाहेर यायला हवं होतं. त्यावर माझं नाव हवं होतं. मी तिशीचा झालो होतो आणि वरातीत ऑक्टोपॅड बडवून माझे खांदे गेले होते. मॅडमच्या जागी त्यांनी कुणाला तरी बसवलं. सुरुवातीला मी तोंडाने मात्रा मोजायचो, एक ते सात, ते स्टुडिओवाल्याला आवडलं. “हे राहू दे गाण्यात, खरं वाटतं,” तो म्हणाला. मी मोजलं.

गाणाऱ्याला फोन केला तेव्हा तिकडे साखरपुड्याची गडबड होती, मागे बायका हसत होत्या. तो ओरडून म्हणाला, “बोल बे! कवा निघू?” मी म्हणालो, “मशीन बिघडली. पुढं ढकललं.”

मग दोन महिने तो तालीम करत राहिला.  जे ध्वनिमुद्रण होऊन गेलं होतं, त्याची तालीम. त्याने सुपारी खाणं सोडलं. सकाळी कोमट पाणी, वाफ, गळ्याला मफलर. रोज दुपारी गोदामात यायचा आणि रोज दुपारी मी त्याच्यासोबत वाजवायचो. मॅडम शाळेच्या कामाचं सांगून येत नव्हत्या, गिटारवाला पुण्यातच थांबला होता. आम्ही दोघंच. वरची जागा फाटायची, ती त्याने त्या दोन महिन्यांत साधली. इतकं सुंदर तो आधी कधी गायला नव्हता. रोज घरून निघताना मी ठरवायचो, आज सांगायचं. तो रुमाल खाली करायचा, गायचा, आणि मी पुढचा ताल धरायचो.

एका दुपारी तो उशिरा आला. मोबाइल हातात धरलेला, आवाज पूर्ण सोडलेला. गोदाम रिकामं होतं, सगळं घुमत होतं. आधी माझा आवाज आला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग गिटार. सहा मिनिटं तो तसाच उभा राहिला, मलाही उभं ठेवलं. मग त्या दुसऱ्या मुलाचा गोड, गुळगुळीत आवाज आला, ‘पाण्याला रंग आला…’ त्याने मोबाइल बंद केला.

“हे तू मोजून राह्यला ना?”

“हाव.”

“कवा?”

“तू साखरपुड्याले आला होता, तवा.”

त्याने गोदामात चहूकडे पाहिलं. “मंग दोन महिने मी इथं काय करून राह्यलो होतो बे?”

 त्याने मला शिवी दिली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माईकची वायर काढली, नीट गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि गेला. चार-पाच महिन्यांत तो संग्रामपूरला गेला. तिकडच्या एका मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात काम शिकला, लग्न केलं, मुलगी झाली. जयंतीला तो गायला आला नाही. पुढच्याही वर्षी नाही.

आमच्या मायला मी सगळं सांगितलं. तिने भाजी निवडायची थांबवली. “आता त्याच्या मायसमोर मी कोन्त्या तोंडानं बसू?” म्हणाली. तेव्हापासून ती विहारात मागे, दाराशी बसते. मॅडम बाजारात भेटल्या. “तुम्ही सांगितलं नाही ना,” म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. आता दिसल्या की एखाद्या पालकाला करावा तसा नमस्कार करतात.

आणि ते गाणं? स्टुडिओवाल्याने ते आमच्याच चॅनलवर टाकायला लावलं, पण कुणीच ऐकलं नाही. लोक हसलेही नाहीत. स्टुडिओवाल्याने फोन उचलणं बंद केलं. गिटारवाल्याने कंपनीत नोकरी धरली.

मी ऑर्केस्ट्रात परत गेलो, पण वाजवताना हात थांबायचे. कुठल्याही तालात सातव्या मात्रेची वाट बघत बसायचो. झोप गेली, जेवण गेलं. ते गाणं जगात कुठेतरी आहे, त्यात मी मोजतोय, हेच डोक्यात. मागच्या वर्षी गिटारवाल्याला फोन करून अक्षरशः रडलो. “काढून टाक ते. तुह्या पाया पडतो.”

“कोन आयकते ते आता?” तो म्हणाला. “बरं, काढतो.” दोन दिवसांनी त्याचा निरोप आला की सगळं काढलं.

ते सांगायला मी संग्रामपूरला गेलो. सोबत माफीही मागायची होती. तो आता स्वतःच्या दुकानात एका पंपाचे नट खोलत बसला होता. “जय भीम” म्हणाला, स्टूल पुढे सरकवलं, शेजारून चहा मागवला. माझ्या मायची तब्येत विचारली. मी म्हणालो, “ते गानं काढून टाकायले लावलं मी.”

त्याचा पाना थांबला. “तू लावलं?”

“हाव.”

“माही पोरगी तो कॉलेजचा व्हिडिओ पाहून जेवत होती,” तो म्हणाला. “एक दिवस अचानक गायब झाला. मले वाटलं, माह्याच मोबाइलचं काई असंन.”

गिटारवाल्याने चॅनलच उडवलं होतं. सगळं म्हणजे सगळं. त्याचा आवाज असलेलं जे एकमेव होतं, तेही. मी तिथूनच फोन लावला. गिटारवाला म्हणाला, जुना लॅपटॉप तर कधीच गेला. व्हिडिओ काढणारा कोण होता, ते त्याला आठवत नव्हतं. मला तर तो कधी माहीतच नव्हता.

मी फोन ठेवला आणि हात जोडले. “मले माफ कर.”

त्याने पाना परत नटावर चढवला. चिडला नव्हता. “माफ केलं त तू मोकळा होशीन,” तो म्हणाला. “मंग मी काय करू?”

त्यानंतर मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याने शांतपणे सांगितलं, “येत नको जाऊ बे. तू आला का पोरगी इचारते, हे कोन.” मी गेलो नाही.

त्याची माय अजून आमच्या शेजारीच राहते. मुलगा गाणं का सोडून गेला, हे तिला कुणी सांगितलं नाही. फोनवर तो फक्त तिच्या औषधांचं विचारतो. मी संग्रामपूरला गेलो होतो, एवढं तिच्या कानावर आलं. परवा सकाळी मी गाडी पुसत होतो, तर ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

“कारे, तिकडं गाते का तो?”

“हाव मावशी, गाते,” मी म्हणालो.

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. पदराने हात पुसत ती जवळ आली. “मंग मोबाइलात असंन न तुह्या. आयकव न मले थोडसं.”

“रेंज नाई मावशी,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “येऊ दे रेंज, मले काई घाई नाई,” आणि तिथेच, कुंपणाजवळच्या दगडावर बसली.