सुपातला दाण्याचा गोळा

नव्या सुनेने भाज्यांच्या उकळत्या सुपात पीनट बटरचा चमचाभर गोळा सोडला आणि मी गॅसपाशीच थांबले. तो गोळा आधी अडून बसला, मग कडेकडेने सैल होत गेला.

"आई, बिघडलं नाही ना?"

मी वास घेतला. अगं, हा तर आपल्या दाण्याच्या आमटीचाच वास! परकं वाटणारं काहीही जरा ऊब मिळाली की घरचं होतं. आपणच उगाच घाईने ढवळत बसतो.

बाहेरच्या खोलीत आमचे हे कुरकुरत होते, "सूप कशाला? मी काय आजारी आहे?"

थोड्या वेळाने रिकामा वाडगा घेऊन ते स्वतःच आत आले. कडेला कुस्करलेली भाकरी चिकटली होती.

"सूनबाई, आमटी उरली आहे का गं?"