तुटलेली पुंगळी

ती घटना माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

धाराशिव जिल्ह्यात, कर्नाटक सीमेलगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका संध्याकाळी खबर आली. हरभऱ्यात शिरलेल्या रानडुकरांवर गोळी झाडताना एका शेतकऱ्याच्या तोंडापाशीच रायफल फुटली होती. लोखंडाचा तुकडा डोळ्यातून आत गेला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. रायफल ३१५ बोअरची, परवाना चालू. पंचनामा करून मी रायफल सील केली आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेतली.

सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, धाकट्या भावाशी त्याचं बांधावरून लई वाकडं व्हतं. त्यानंच काडतुसात कायतरी घातलंय."

शवविच्छेदन चालू असतानाच मी भावाला ठाण्यात आणून बसवलं.

"काडतुसं कुठं असायची?"

"फडताळात. घरात समद्यांना ठावं हाय."

"म्हणजे तुलाही."

"व्हय साहेब. पण भांडण बांधाचं व्हतं, जिवाचं न्हाय." तो पुढं म्हणाला, "दादाला मूलबाळ न्हाय. अग्नी मला द्यायचाय. तेवढं करून येतो, मग काय करायचं ते करा."

पळून जायला माणूस अशीच वेळ साधतो, असं मला वाटलं. मी सोडलं नाही. दुपारी मयताच्या बायकोनं अग्नी दिला.

चारच्या सुमारास मुख्यालयातून शस्त्रागाराचे जुने हवालदार आले. पंचांसमोर सील उघडलं. काडतुसाची पितळी पुंगळी बुडाजवळ गोल तुटली होती. त्यांनी भिंग लावलं.

"बारूद जादा असती तर बुडातली टोपी चपटी झाली असती. ही चांगली आहे." मग घरून जप्त केलेली काडतुसं हातात घेऊन त्यांनी प्रत्येकाच्या बुडाजवळची बारीक, चकाकती रेघ दाखवली. "साहेब, ह्या पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरल्यात. दर वेळी बार उडाला की पितळ ताणतं, इथं पातळ होतं. शेवटी तुटलं, आग मागं आली आणि रायफल फुटली."

"कुणी मुद्दाम केलं असेल?"

"कडेचे ओरखडे मोजा. पाच-सहा वेळा तरी उडालीय ही. वैरी एवढी वाट बघतो का?"

मी तडक मयताच्या घरी गेलो. त्याची बायको ओट्यावर बसली होती.

"काडतुसं कोण भरायचं, ताई?"

"हेच की. नवी लौकर मिळत न्हाईत म्हणून घरीच भरायचे. म्या किती डाव नगं म्हणलं."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"मला कुणी इचारलंच न्हाय, साहेब."

तिनं दाखवलेल्या पेटीत काडतुसं भरायची अवजारं, गोळ्यांचं शिसं आणि रिकाम्या पुंगळ्या निघाल्या. पुढं प्रयोगशाळेचा अहवालही हवालदारांच्या म्हणण्यासारखाच आला. फोन करणारा मात्र शेवटपर्यंत सापडला नाही.

त्यानंतर नोकरीत मी एक शिस्त पाळली. निनावी फोनवर कुणाला उचलण्याआधी घरातल्या माणसाजवळ बसून विचारायचं. पण ती शिस्त मला ज्याच्यामुळं लागली, त्याच्या ती काही कामाची नव्हती.

त्या दिवशी मावळतीला ठाण्यात परत येऊन मी भावाला म्हणालो, "तुझा काही दोष नाही. जा घरी." तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून त्यानं विचारलं, "सरण इझलं असंल का, साहेब?"

तो मसणवाट्याच्या दिशेनं पळत सुटला.